ईएससी बंद, एबीएस चालू: ट्रॅकवर उतरण्याआधी काय करायचं

ट्रॅकवर शिकणाऱ्यांच्या शेजारच्या सीटवर मी बसते, आणि उरलेल्या वेळी गाड्यांच्या वायरिंगमध्ये डोकं घालून असते. दोन्हीकडे एकच मागणी कानावर येते: "ताई, ते इलेक्ट्रॉनिक सगळं बंद करून द्या." माझं उत्तर ठरलेलं आहे. सगळं नाही. स्थिरता राखणारी यंत्रणा, म्हणजे ईएससी, बंद करू. ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या एबीएसला हात लावायचा नाही. रेसिंगच्या गाड्यांत यातलं काहीच नसतं, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला जीटी३ या शर्यतींच्या वर्गातल्या गाड्या दाखवा. त्यांत एबीएस असतं, अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर चाकं नुसती गरगरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोलही असतं. नसतं ते ईएससी.

ईएससीला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय. कुठे ईएसपी, कुठे डीएससी, कुठे व्हीएससी, पोर्शमध्ये पीएसएम. काम सगळीकडे तेच. स्टिअरिंग किती वळवलंय ते एक सेन्सर सांगतो, गाडी स्वतःभोवती प्रत्यक्षात किती वेगाने वळतेय ते यॉ सेन्सर सांगतो. दोघांचं जमेनासं झालं की यंत्रणा एकाच चाकाचा ब्रेक लावते आणि इंजिनचा जोरही कमी करते. मागचा भाग बाहेर निघाला तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरते. पुढची चाकं सरळ घसरत चालली तर आतल्या बाजूचं मागचं चाक. तुमचा पाय ब्रेकवर असो वा नसो.

एबीएसला यातलं काही लागत नाही. चार चाकांचे वेग आणि तुमचा ब्रेकवरचा पाय, एवढ्यावर त्याचं भागतं. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा झपाट्याने मंदावलं की त्या चाकाकडे जाणारा दाब ते रोखतं, सोडतं, परत भरतं. पेडलखाली जी थरथर जाणवते ती याची.

घोळ होतो तो पुढच्या गोष्टीमुळे. ही दोन्ही कामं एकाच डब्यात होतात. बॉनेट उघडलंत की ब्रेकच्या सहा नळ्या जिथे एकत्र येतात तो अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आणि त्याला चिकटलेला काळा कंट्रोलर, तोच हा डबा. साध्या एबीएसच्या ठोकळ्यात सहसा आठ व्हॉल्व्ह असतात, ईएससीवाल्यात बारा. वाढीव चार व्हॉल्व्ह कशासाठी, तर पेडल न दाबताही पंपाला दाब तयार करता यावा म्हणून. म्हणजे ईएससी हा वेगळा काढून ठेवता येईल असा भागच नाही. त्याच कंट्रोलरला 'हे काम करू नकोस, ते करत राहा' असं सांगावं लागतं. कसं सांगायचं, एवढाच आपला विषय.

मुळात बंद का करायचं? ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना गाडी थोडी घसरते, तशी ती घसरायलाच हवी, आणि ईएससी त्याला संकट समजतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असूनही इंजिन मरगळतं. त्याहून वाईट म्हणजे तुमच्या नकळत ब्रेक तापत राहतात. पुढे इंजिन असलेल्या गाडीत पुढचे पॅड आधी झिजतात. एखाद्याचे मागचे पॅड आधी संपलेले दिसले की मी विचारते, ईएससी चालू ठेवून पळवलीस ना? तिसरं कारण मला स्वतःला सर्वांत पटतं. आपण काय चुकीचं करतोय हे शिकणाऱ्याला कळतच नाही, कारण चूक होईपर्यंत ती झाकली गेलेली असते.

आता प्रत्यक्ष कृती. सोप्यापासून सुरुवात करायची, आणि जिथे काम भागेल तिथे थांबायचं.

आधी बटण

डॅशबोर्डवर किंवा गिअरपाशी घसरत्या गाडीचं चित्र असलेलं बटण असतं. नव्या गाड्यांत ते स्क्रीनवरच्या मेनूत लपलेलं असतं. ते एकदा टिचकी मारल्यासारखं दाबलं तर बहुतेक गाड्यांत फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, किंवा ईएससीची मर्यादा थोडी सैल होते. दिवा लागतो आणि माणूस समजतो, झालं बंद. झालेलं नसतं. पूर्ण बंद करायला गाडी उभी करून तेच बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. बीएमडब्ल्यूत छोट्या दाबाने डीटीसी, म्हणजे सैल मर्यादेचा मोड, लागतो आणि दाबून धरल्यावर डीएससी बंद होतं. दिव्यावर किंवा स्क्रीनवर येणारे शब्द दोन्ही वेळा वेगळे असतात, ते वाचा. गाडीसोबत आलेलं मॅन्युअल उघडा. मॅन्युअल न उघडता स्क्रूड्रायव्हर उचलणारे लोक मी रोज पाहते.

मॅन्युअलमध्ये एक वाक्य मुद्दाम शोधायचं: बंद असतानाही जोरात ब्रेक दाबल्यास यंत्रणा मदत करेल, अशा अर्थाचं. मर्सिडीजच्या अनेक गाड्यांत असं आहे. पोर्शच्या बऱ्याच रस्त्यावरच्या मॉडेलांतही बंद केलेलं पीएसएम एबीएस कामाला लागेल इतका ब्रेक दाबला की परत येतं. उलट २००९ मध्ये आलेल्या सुधारित ९११ जीटी३ मध्ये पोर्शने दोन पायऱ्या दिल्या. आधी स्थिरता नियंत्रण बंद, मग ट्रॅक्शनही बंद, आणि तुम्ही स्वतः चालू करेपर्यंत ते परत येत नाही. एबीएस मात्र तिथेही कायम. ज्या गाडीत ते ब्रेकवर परत येतं, तिथे ट्रॅकवर शिकणाऱ्याला त्याचा फारसा जाच होत नाही, असं माझं मत. ब्रेक लावत वळणात शिरताना शेपूट सुटणं हीच नवशिक्याची सर्वांत महाग चूक असते. तिथे यंत्रणेने हात धरला तर धरू दे.

इग्निशन बंद करून परत चालू केलं की ईएससी आपोआप चालू होतं. ही कंपनीची लहर नाही, नियम आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून हलक्या गाड्यांना ईएससी सक्तीचं झालं. त्या नियमात बंद करण्याचं बटण द्यायला मुभा आहे, पण पुढच्या वेळी गाडी सुरू होताना यंत्रणा चालूच असली पाहिजे. ट्रॅकवर याचा अर्थ काय? गाडी फिरली, इंजिन बंद पडलं, तुम्ही घाईघाईने चावी फिरवून परत निघालात, की ईएससी परत आलेलं असतं. पुढच्या वळणावर गाडी अनोळखी वागते आणि माणूस गोंधळतो. प्रत्येक वेळी इंजिन सुरू केलं की दिव्याकडे बघायची सवय लावून घ्या.

बटणाने ट्रॅक्शन आणि ईएससी बंद झाल्यावरही काही गाड्यांत आतल्या चाकाला ब्रेक लावून डिफरन्शियल लॉकचं (म्हणजे आतलं चाक नुसतं फिरू न देता जोर बाहेरच्या चाकाला देण्याचं) सोंग आणणारी यंत्रणा चालूच राहते. फोक्सवॅगन समूहातलं एक्सडीएस त्यातलंच. तिने ब्रेक तापतात हे खरं, पण वळणातून बाहेर काढायला ती मदतही करते. छोट्या ट्रॅकवर मी ती राहू देते.

बटण नसेल, किंवा बटण अर्धवट असेल

काही गाड्यांत कंपनीने सर्व्हिससाठी एक गुप्त क्रम ठेवलेला असतो. टोयोटा जीटी८६ आणि तिची जुळी सुबारू बीआरझेड यांत हँडब्रेक आणि ब्रेक पेडल ठरावीक क्रमाने ओढत-दाबत बसावं लागतं. चालक मंडळी त्याला 'पेडल डान्स' म्हणतात. बटण दाबून धरल्यावरही जे उरतं ते त्याने जातं आणि एबीएस राहतं. तुमच्या मॉडेलचा नेमका क्रम त्याच वर्षाच्या गाडीचा घ्या, बाजारातल्या दुसऱ्या गाडीचा नको. आणि 'डायनो मोड' किंवा 'रोलर मोड' नावाचं काही सापडलं तर हुरळून जाऊ नका. तो मोड गाडी रोलरवर उभी करून तपासण्यासाठी असतो. काही गाड्यांत त्यात एबीएसही झोपतं.

दुसरा रस्ता कोडिंगचा. ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीतले दोष वाचण्यासाठी असलेल्या सॉकेटला, स्कॅनर लावून ईएससीच्या कंट्रोलरमधली नोंद बदलता येते, म्हणजे बटणाला पूर्ण बंद करण्याची मुभा मिळते. मला हा मार्ग तारा उपसण्यापेक्षा कधीही बरा वाटतो, कारण एबीएसचं गणित तसंच राहतं आणि कुठलाच दोष नोंदवला जात नाही. दोन गोष्टी पाळा. मूळ कोडिंग आधी जसंच्या तसं उतरवून ठेवा, फोटोही काढा. आणि काम चालू असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा. नोंद लिहिली जात असताना व्होल्टेज पडलं तर ब्रेकचा कंट्रोलर अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकतो, आणि मग गाडी ट्रेलरवर घालून न्यायची वेळ येते.

तिसरा रस्ता जुन्या गाड्यांचा: यॉ सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवणं. हा सेन्सर बहुतेकदा गाडीच्या मध्यभागी, हँडब्रेकच्या कन्सोलखाली किंवा सीटखाली जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेला असतो. इग्निशन बंद करायचं, कनेक्टरची खिट्टी दाबून तो सरळ ओढायचा, मोकळ्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून टेप लावायचा, आणि सेन्सरला धक्का लागू द्यायचा नाही. कंट्रोलरला वळण्याचा वेग कळेनासा झाला की तो ईएससीचं काम सोडून देतो. एबीएसला लागणारे चार चाकांचे वेग येतच असतात, त्यामुळे ते चालू राहतं. निदान तसं राहायला हवं. गाडीगणिक फरक पडतो, म्हणून पुढची चाचणी टाळायची नाही.

चार-चाक-चालित गाडी असेल तर इथे थबका. तिथे चारही चाकं एकदम घसरू शकतात, त्यामुळे कितीतरी गाड्यांत एबीएसलाही पुढे-मागे होणारा प्रवेग मोजणारा सेन्सर लागतो, आणि तो बऱ्याचदा यॉ सेन्सरच्याच डबीत असतो. डबी काढली की एबीएसही जातं. नव्या गाड्यांत यॉ सेन्सर थेट ब्रेकच्या कंट्रोलरमध्ये किंवा एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये बसवलेला असतो. तिथे काढण्यासारखं काही नसतं, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला ट्रॅकच्या उत्साहात हात लावायचा नाही.

स्टिअरिंग अँगल सेन्सर काढायचा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा. त्याची माहिती पॉवर स्टिअरिंगलाही जाते. काही गाड्यांत स्टिअरिंग जड होतं, आणि तो सेन्सर एअरबॅगच्या अगदी मागे बसलेला असतो. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर काढला तर ईएससीबरोबर एबीएसही गेलं, म्हणजे ज्यासाठी एवढी खटपट करायची तेच घालवलं.

फ्यूज काढणाऱ्यांसाठी

हा भाग मी जरा रागाने लिहितेय. सर्वांत सोपा, सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे एबीएसचा फ्यूज उपटणं. फ्यूज उपटला की ईएससी गेलं हे खरं. एबीएसही गेलं, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. "मला लॉक न करता ब्रेक लावता येतो," असं म्हणतात. पण त्या फ्यूजबरोबर ईबीडी जातं, आणि ते त्यांच्या गावीही नसतं.

जोरात ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. त्यांना पुढच्याइतकाच दाब दिला तर ती आधी अडकतात. जुन्या गाड्यांत मागचा दाब आवरायला एक यांत्रिक व्हॉल्व्ह असायचा. आताच्या बहुतेक गाड्यांतून तो काढून टाकलाय. ते काम ईबीडी, म्हणजे त्याच डब्यातलं सॉफ्टवेअर करतं. डबाच बंद, तर मागच्या चाकांना आवरणारं कुणी उरत नाही. पुढची चाकं आधी अडकली तर गाडी सरळ जाते, वळत नाही, पण सरळ तरी जाते. मागची आधी अडकली तर गाडी फिरते, आणि तेही सरळ रस्त्याच्या शेवटी, जिथे वेग सर्वांत जास्त असतो.

अशी एक गाडी माझ्या समोर पिटमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या उभ्या करायच्या जागेतून, निघाली होती. डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा, आणि त्याच्या शेजारी ब्रेकचा लाल दिवा. चालक म्हणाला, हँडब्रेकचा सेन्सर बिघडलाय बहुतेक. हँडब्रेक खालीच होता. तो लाल दिवा ईबीडी गेल्याचं सांगत होता. दोन्ही दिवे एकदम लागले तर गाडी ट्रॅकवर सोडायची नाही, रस्त्यावरही नाही. मी त्याला परत आत घेतलं, फ्यूजच्या डब्यात रिकामी जागा सापडली आणि फ्यूज त्याच्याच खिशात.

बंद झालं की नाही, आणि एबीएस आहे की नाही

दिव्यांपासून सुरुवात. इग्निशन चालू करताना एबीएसचा दिवा काही क्षण लागून विझलाच पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय, आणि तशा गाडीच्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. इंजिन सुरू झाल्यावर हवी ती स्थिती अशी: ईएससी बंदचा दिवा लागलेला, एबीएसचा विझलेला, ब्रेकचा लाल विझलेला. यॉ सेन्सर काढला असेल तर ईएससीच्या बिघाडाचा दिवाही लागेल, तो चालेल.

मग प्रत्यक्ष चाचणी. आयोजकांना विचारून ट्रॅकवरचा किंवा आवारातला मोकळा, सरळ, कोरडा पट्टा घ्या. मागेपुढे कुणी नको. आधी ३० ते ४० किमी वेगाला ब्रेक कचकन दाबा आणि पाय तसाच ठेवा. पेडलला थरथर आली पाहिजे, आणि गाडी सरळ थांबली पाहिजे. मग ६० ला तेच. एखाद्या जाणत्याला कठड्यामागे सुरक्षित उभं करून मागच्या चाकांकडे बघायला सांगा. चाक फिरता फिरता थबकत-थबकत थांबलं तर ठीक. सरळ अडकून रबराची काळी रेघ ओढली तर गाडी पिटमध्ये. थांबताना अगदी शेवटी, माणूस चालतो त्या वेगाला, एबीएस काम सोडतं आणि चाक क्षणभर अडकतं. त्याने घाबरू नका.

ईएससी खरंच गेलंय का ते बघायला मोठ्या मोकळ्या जागेत गोल फिरा, आणि गोलात अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू वाढवा. इंजिन मध्येच मरगळलं, किंवा एखाद्या चाकाशी ब्रेकचा कुरकुर आवाज आला, तर ते अजून जागं आहे.

गाडीत बसल्यावर

पहिलं सत्र सगळं चालू ठेवूनच पळवा. घसरत्या गाडीचा दिवा कोणत्या वळणावर लुकलुकतो, एवढंच बघायचं. परत आल्यावर मी ट्रॅकचा नकाशा पुढे ठेवते आणि शिकणाऱ्याकडून त्या जागांवर खुणा करून घेते. बहुतेकदा तो म्हणतो, 'ते उगाच मध्ये येतंय.' खुणा एकाच वळणावर जमल्या असतील तर ते उगाच नाही. तिथे तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर लवकर देताय किंवा स्टिअरिंग झटकताय. दिवा जवळपास शांत झाला की मधला, सैल मर्यादेचा मोड, आणि तोही शांत झाला की पूर्ण बंद. पाऊस असेल तर सगळं चालू, यावर मी वाद घालत नाही.

बंद केल्यावर सर्वांत आधी बदलतं ते वळणाच्या मध्यावर पाय उचलणं. घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि आजवर ईएससीने सावरलेलं शेपूट आता कुणी सावरत नाही. पाय उचलायचाच असेल तर हळू. वळणात ब्रेक नेत असाल तर स्टिअरिंग जसं वाढतं तसा पाय सैल करत जा. एबीएस चाक अडकू देणार नाही, पण गाडी फिरायची थांबवणार नाही, ते त्याचं कामच नाही. गाडी पूर्ण फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही तळापर्यंत, आणि ती थांबेपर्यंत पाय हलवायचा नाही.

चिकट टायर लावणाऱ्यांनी एबीएसचा एक विचित्रपणा ओळखून ठेवावा. उंचवट्यावर किंवा ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चाक हवेत हलकं झालं आणि त्याच क्षणी ब्रेक कचकन बसला, तर यंत्रणा समजते की खाली बर्फ आहे. पेडल लाकडासारखं कडक होतं आणि गाडी काही केल्या मंदावत नाही. चालक याला 'आइस मोड' म्हणतात. अजून जोरात दाबून उपयोग नसतो. क्षणभर पाय सोडून परत दाबायचं, दुसऱ्यांदा जरा मऊपणे. त्या वेळी हे सुचणं कठीण असतं, म्हणून आधी मनात घोकून ठेवा.

ब्रेक फ्लुइड मात्र ताजं हवं. डीओटी ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. फ्लुइड उकळून पेडल तळाला गेलं तर एबीएसही हतबल.

ट्रॅकवरून निघण्याआधी सगळं पूर्ववत करा. बटणाने केलं असेल तर इग्निशन बंद-चालू, बस्स. कोडिंग बदललं असेल तर मूळ नोंद परत लिहा. सेन्सर काढला असेल तर इग्निशन बंद ठेवूनच कनेक्टर टक आवाज येईपर्यंत बसवा, मग स्कॅनरने दोष पुसा. दिवा तरीही राहिला तर थोडं अंतर सरळ चालवा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, काही गाड्यांत कोन तेवढ्याने परत शिकला जातो. नाही विझला तर स्कॅनरवरून स्टिअरिंग अँगलचं कॅलिब्रेशन करून घ्या, चाकं सरळ आणि गाडी सपाट जागी उभी ठेवून. ब्रिटनसारख्या देशात ईएससीचा बिघाडाचा दिवा लागलेली गाडी वार्षिक तपासणीत नापास होते. विमा कंपनीही अपघातानंतर कंट्रोलरमधल्या नोंदी मागू शकते. त्यामुळे दिवा विझल्याशिवाय ट्रॅकच्या गेटबाहेर पडायचं नाही.